रास्पबेरी पायची स्क्रीन काळी पडली? कार्ड फॉरमॅट करायच्या आधी हे बघा

गेल्या श्रावणात रात्री साडेनवाला फोंड्याहून मावसभावाचा फोन आला. त्यांच्या देवळात सप्ताह चालू होता, सभामंडपात एक टीव्ही लावलाय, त्याच्यावर कुठल्या वाड्याची पाळी किती वाजता, कुठलं पथक भजनाला बसणार हे सगळं एका रास्पबेरी पाय 4 वरून (हातात मावणारा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, त्याची सिस्टीम मेमरी कार्डावर असते) दिसतं, आणि नेमकं तेच दिसायचं बंद झालं. "स्क्रीन काळीच आसा मरे, हांव कार्ड परत फॉरमॅट करतां," म्हणाला आणि मी फोनवर ओरडलोच, थांब, कार्डाला हात लावू नको.

ओरडायचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयातला पाय असाच काळा पडला होता, मी घाईघाईत कार्ड काढलं, नवी सिस्टीम टाकली, परत लावलं, तरी स्क्रीन काळीच. शेवटी केबल बदलली आणि चित्र आलं. पण त्या कार्डावर 1,800 पुस्तकांची यादी होती, गावातल्या दोन मुलींनी अख्खी मे महिन्याची सुट्टी बसून टाइप केलेली, आणि तिची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्या मुलींना सांगायला गेलो तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय. स्क्रीन काळी म्हणजे कार्ड गेलं असं नसतं, निदान मी बघितलेल्या बहुतेक केसमध्ये तरी नव्हतं, वीज, केबल, पोर्ट नाहीतर मॉनिटरचा मोड (कुठल्या रेझोल्यूशनचं चित्र जातंय ते) यातलंच काहीतरी निघालं.

कमांड आणि फाइलची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरांत टाका, सगळी स्मॉल, जिथे कॅपिटल लागतात तिथे मी सांगतो.

आधी स्क्रीन नक्की काय म्हणते ते बघा

"काळी" म्हणून सगळे एकच सांगतात, पण त्यात चार-पाच वेगळे प्रकार असतात. मॉनिटर "नो सिग्नल" दाखवून झोपतो का, म्हणजे त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. लाइट चालू आहे, मागून उजेड दिसतोय पण चित्र नाही, म्हणजे सिग्नल पोचतोय, फक्त दाखवायला काही नाही. "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" आलं तर बोर्ड ठणठणीत आहे, तो मॉनिटरला न झेपणारं रेझोल्यूशन पाठवतोय एवढंच. इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येऊन तिथेच अडकलं तर केबल-मॉनिटर दोन्ही बरोबर, गाडी कर्नल (सिस्टीमचा गाभा) लोड होण्यापाशी अडलीय. आणि चित्र येतं, दहा मिनिटांनी जातं, माउस हलवला की परत येतं, हा तर बिघाडच नव्हे, स्क्रीन ब्लँकिंग चालू आहे, रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये डिस्प्ले ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करा आणि विषय संपवा.

मावसभावाला विचारलं तर म्हणे टीव्हीवर "नो सिग्नल" लिहून येतं. मग विचारलं रिमोटने सोर्स बरोबर निवडलाय ना, कारण देवळात टीव्ही म्हटल्यावर कोणीतरी क्रिकेटसाठी सेट टॉप बॉक्सवर नेऊन ठेवलेला असतो. तेही बरोबर होतं.

मग बोर्डावरचे लाइट

पाय 4 आणि त्याच्या आधीच्या बहुतेक बोर्डांवर दोन लाइट असतात, लाल म्हणजे वीज, हिरवी म्हणजे कार्ड वाचणं चालू आहे. पाय 5 वर एकच लाइट, बोर्ड चालू असताना हिरवी आणि बंद करून ठेवल्यावर लाल. हिरवी कशीही, ताल नसल्यासारखी लुकलुकत असेल तर खुशाल समजा की आत सिस्टीम चालू होतेय, कार्ड जिवंत आहे. पण ती ठरावीक मोजून लुकलुकून थांबत असेल, परत तेवढंच, परत थांबत असेल, तर तो इशारा असतो: चार वेळा म्हणजे बोर्ड सुरू करणारी स्टार्टची फर्मवेअर फाइल सापडली नाही, सात वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. तेव्हा मात्र कार्डाकडे वळायचं, तरीही फॉरमॅट करायला नव्हे, ते पुढे येतंय.

फोनवर भाऊ म्हणाला, लाल पेटलीय आणि हिरवी अधूनमधून चमकते, तिला काही ताल नाही. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. कार्ड वाचलं जातंय म्हणजे बोर्ड आपलं काम करतोय, फक्त ते टीव्हीपर्यंत येत नाही.

वीज

गोव्यात पावसाळ्यात माडाचं चुडत तारेवर पडलं की लाइट गेली, आली, परत गेली, हे आपल्याला नवीन नाही. अ‍ॅडॅप्टर चांगला असेल तर तेवढं सांभाळून घेतो, पण लोक मोबाइलचा जुना चार्जर लावतात आणि तिथे सगळं बिनसतं. पाय 3 ला 5.1 व्होल्ट 2.5 अँपिअर लागतात, पाय 4 ला 5.1 व्होल्ट 3 अँपिअर, पाय 5 ला 5.1 व्होल्ट 5 अँपिअर. व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं की बोर्ड तक्रार करतो, स्क्रीन चालू असली तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं, जुन्या बोर्डांवर लाल लाइट मध्येच विझते. चार्जरवर 3 अँपिअर छापलेलं असलं तरी लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या, शक्यतो अ‍ॅडॅप्टरलाच जोडलेली.

पायच्या आत शिरता येत असेल (स्क्रीनशिवाय कसं ते शेवटी सांगतो) तर व्हीसीजेनसीएमडी, स्पेस, गेट_थ्रॉटल्ड अशी कमांड द्या. उत्तर 0एक्स0 आलं तर वीज बरोबर आहे. 0एक्स50000 आलं तर बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, आणि 0एक्स50005 आलं तर आत्ता या क्षणीही पडलेलं आहे. यूएसबीला हार्डडिस्क, पंखा, कसलं कसलं डोंगल लावलेलं असेल तर ते सगळं काढून फक्त मॉनिटर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच चित्र येतं.

केबल आणि पोर्ट, इथे जरा वेळ द्या

पाय 4 आणि 5 ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. एकच मॉनिटर लावायचा असेल तर यूएसबी-सी च्या, म्हणजे विजेच्या पोर्टला लागून जो आहे त्यात लावा, तो पोर्ट शून्य. दुसऱ्यात लावलं की सुरुवातीचं काही दिसत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. मी पायच्या प्रत्येक केसवर, म्हणजे बाहेरच्या डबीवर, मार्करने 0 लिहूनच देतो. हे मायक्रो प्लग नाजूक असतात, अर्धे बसले तरी बसल्यासारखे वाटतात, केसचं भोक लहान असलं तर प्लगचं प्लॅस्टिक केसलाच अडतं आणि आतपर्यंत जातच नाही. एकदा केस काढून उघड्या बोर्डावर लावून बघा.

दुसरं, आधी मॉनिटर चालू करा, मग पायला वीज द्या. एचडीएमआयच्या 19 पिनांपैकी 19 नंबरची पिन बोर्डाला सांगते की पलीकडे कोणीतरी आहे, याला हॉट प्लग म्हणतात. बोर्ड चालू होताना तिथे कोणी सापडलं नाही तर तो पुष्कळदा चित्र पाठवायचंच सोडून देतो. मग मॉनिटरची कुंडली वाचली जाते, तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ कुंडली 128 बाइटची, त्यात हा मॉनिटर कुठली रेझोल्यूशन झेपवतो ते असतं. कुंडली मिळाली नाही तर लिनक्स (पायवरची सिस्टीम) बिचारा अंदाजाने 1024 बाय 768 धरून चालतो. म्हणजे एकाच केबलची वेगवेगळी पिन खराब असेल तर लक्षणंही वेगळी, हॉट प्लगची गेली तर "नो सिग्नल", कुंडलीच्या तारा गेल्या तर चित्र येतं पण ढोबळ, मोठमोठ्या अक्षरांचं.

आता आपल्याकडची खास गोष्ट. हवेत खार आणि ओल, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे एचडीएमआयच्या पिनांचं काय होणार. भावाला सांगितलं, वीज बंद कर, मायक्रो एचडीएमआयचा तो छोटा कन्व्हर्टर काढ आणि मोबाइलची टॉर्च लावून कॅमेऱ्यात झूम करून फोटो पाठव. फोटो आला. प्लगच्या आत एका बाजूच्या चार-पाच पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी चढलेली, समईला बरेच दिवस घासलं नाही की कळक चढतो ना, अगदी तशी, आणि टोकाच्या पिनेवरचा सोनेरी मुलामा जाऊन खालचं तांबूस दिसत होतं. एवढासा कन्व्हर्टर गेला होता आणि भाऊ कार्ड पुसायला निघाला होता.

असलं काही दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या, मगच वीज. तेलकट स्प्रे मारू नका, धूळ धरते. पण मुलामा गेला असेल तर साफ करून काही महिनेच चालतं, नवीनच घ्या. आणि कन्व्हर्टर, मग एक्स्टेन्शन, मग केबल अशी माळ लावू नका, मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय अशी एक सरळ केबल घ्या, जोड जितके कमी तितकी गंजायला जागा कमी.

कार्ड न लावता करायची परीक्षा

ही युक्ती मला फार आवडते. पाय 4 किंवा 5 असेल तर वीज बंद करा, कार्ड काढून बाजूला ठेवा आणि बिनकार्डाचाच बोर्ड चालू करा. बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, त्यामुळे तो स्क्रीनवर स्वतःची माहितीची पाटी दाखवतो, बोर्ड कुठला, कार्ड सापडत नाही वगैरे. पाटी दिसली म्हणजे वीज, पोर्ट, केबल, मॉनिटर चारही गोष्टी एका फटक्यात पास, दोष कार्डात किंवा सेटिंगमध्ये. पाटी नाही दिसली तर कार्डाचा संबंधच नाही. अगदी सुरुवातीचा पाय 4 असून बूटलोडर कधीच अपडेट केला नसेल तर पाटी येणार नाही, आणि पाय 3 किंवा झिरोवर हे चालत नाही, तिथे दुसऱ्या कार्डावर ताजी सिस्टीम टाकून तपासा. दुसऱ्या कार्डावर हं. जुनं कार्ड पाकिटात घालून नाव लिहून ठेवा.

कार्ड लॅपटॉपला लावताना

विंडोजला पायचं कार्ड लावलं की लगेच खिडकी येते, "ही डिस्क वापरायला फॉरमॅट करावी लागेल". ही खिडकी सगळ्यात घातक. कार्डात दोन भाग असतात, पहिला छोटा बूटचा भाग विंडोजला वाचता येतो, दुसरा लिनक्सचा ईएक्सटी4 मधला भाग त्याला ओळखताच येत नाही, म्हणून तो म्हणतो फॉरमॅट करा. कॅन्सल दाबा. दोनदा आली तर दोनदा कॅन्सल. मग विन32 डिस्क इमेजर या प्रोग्रॅममध्ये रीड करून अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, लॅपटॉपवर काढून घ्या, 32 जीबीचं कार्ड असेल तर 32 जीबी जागा लागेल, वेळही लागेल, चहा घ्या, पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग बूटच्या भागात दोन फाइल बघायच्या, कॉन्फिग.टीएक्सटी आणि सीएमडीलाइन.टीएक्सटी. चालू पायवरून बघायच्या असतील तर सिस्टीमच्या 2023 च्या बुकवर्म आवृत्तीपासून त्या /बूट/फर्मवेअर मध्ये असतात, त्याआधी नुसत्या /बूट मध्ये. पुष्कळांचं नेट बघून बघून कॉन्फिगमध्ये पंधरा ओळी घालून झालेल्या असतात, त्यातल्या अर्ध्या एकमेकींच्या विरोधात. तुम्ही घातलेल्या ओळींच्या पुढे # टाका, म्हणजे त्या बाजूला होतील, आणि एकेक परत चालू करत बघा.

मोड जबरदस्तीने द्यायचा तर

इथे जुनं आणि नवं यांचा घोळ आहे आणि नेटवरचे सल्ले बहुतेक जुने आहेत. बस्टर आवृत्तीपर्यंतच्या सिस्टीममध्ये कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=1 टाकलं की मॉनिटर दिसो न दिसो चित्र पाठवलं जायचं, आणि एचडीएमआय_ग्रुप=2, एचडीएमआय_मोड=82 म्हणजे 1080 चं चित्र, मोड=16 म्हणजे 1024 बाय 768. 2021 च्या बुलझाय आवृत्तीपासून डिस्प्लेचा कारभार लिनक्सच्या केएमएस ड्रायव्हरकडे गेला, आणि तो ग्रुप-मोडच्या या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही. आता सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये सांगावं लागतं. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत असतं, एंटर दाबून नवी ओळ केलीत तर दुसऱ्या ओळीतलं वाचलंच जाणार नाही, म्हणून शेवटी एक स्पेस देऊन लिहा:

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-1:1920एक्स1080@60डी

यात एचडीएमआय, ए आणि शेवटचा डी कॅपिटल, व्हिडिओ आणि मधला एक्स स्मॉल. ए-1 म्हणजे पोर्ट शून्य, ए-2 म्हणजे दुसरा. तो शेवटचा डी महत्त्वाचा, मॉनिटर सापडला नाही तरी डिजिटल आउटपुट चालूच ठेव असं तो सांगतो. मॉनिटर चालू करायला कोणी विसरणारच अशी जागा असेल, देऊळ, शाळा, पंचायतीचा हॉल, तर ही ओळ कायमचीच घालून ठेवा.

ही ओळ डिचोलीकडच्या एका शाळेत फार उपयोगी पडली. तिथल्या बाईंनी अडगळीतले जुने चौकोनी मॉनिटर काढून मुलांना पाय शिकवायला घेतले, मला फार कौतुक वाटलं, फेकून द्यायच्या वस्तू परत कामाला लावल्या त्यांनी. पण मॉनिटर व्हीजीएचे, म्हणजे जुन्या अ‍ॅनालॉग जोडाचे. एचडीएमआय ते व्हीजीए नुसती केबल चालत नाही, मध्ये डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि त्या चिपला वीज मिळते एचडीएमआयच्या 18 नंबरच्या पिनेतून. त्या पिनेवर फक्त 55 मिलिअँपिअरचीच हमी धरलेली असते, अधाशी कन्व्हर्टरला तेवढं पुरत नाही. सहापैकी दोन मॉनिटर लुकलुकून बंद पडत होते, त्यांना बाजूला यूएसबीची वेगळी वीज घेणारे कन्व्हर्टर लावले आणि थांबलं. उरलेल्यांतल्या एकावर "आउट ऑफ रेंज", कारण कन्व्हर्टर स्वतःचीच कुंडली पुढे करून 1080 मागत होता आणि मॉनिटर बिचारा 17 इंची, 1280 बाय 1024 वाला. वरच्या ओळीत 1280एक्स1024@60डी लिहिलं, परत चालू केलं, आणि मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, बाई, आला! 15 इंची चौकोनी असेल तर 1024एक्स768 द्या.

दारातून नाही तर खिडकीतून

स्क्रीन नसली तरी आत शिरता येतं, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने कमांड द्यायची सोय) चालू असेल तर. त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवरून एसएसएच, मग तुमचं युजरनेम@रास्पबेरीपाय.लोकल (होस्टनेम, म्हणजे पायचं नेटवर्कवरचं नाव, बदललं असेल तर ते). चालू केलेलं नसेल तर कार्डाच्या बूटच्या भागात एसएसएच नावाची रिकामी फाइल, एक्स्टेन्शन न लावता, करून ठेवा. आत गेल्यावर पहिलं हे:

कॅट /एसवायएस/क्लास/डीआरएम/*एचडीएमआय*/स्टेटस

(मधलं एचडीएमआय कॅपिटल.) कनेक्टेड आलं तर बोर्डाला मॉनिटर दिसतोय, डिसकनेक्टेड आलं तर केबलपाशी परत जा. स्टेटसच्या जागी मोड्स लिहिलं तर मॉनिटरने सांगितलेली सगळी रेझोल्यूशन दिसतील, यादी रिकामी असेल तर कुंडली पोचलेली नाही. केएमएसप्रिंट ही कमांड आत्ता कुठल्या पोर्टवर काय मोड जातोय ते दाखवते. जुन्या लेखांतली टीव्हीसर्व्हिस आता चालत नाही, ती येत नाही म्हणून घाबरू नका.

मग डीएफ -एच द्या आणि / च्या समोर किती टक्के भरलंय बघा. 100 असेल तर डेस्कटॉप उघडतच नाही, लॉगिन करा की परत लॉगिन, किंवा नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात कर्सर. जुने लॉग, डाउनलोड काढा, जागा झाली की डेस्कटॉप येतो. स्क्रीनवर काहीतरी येतंय पण डेस्कटॉप नाही अशा वेळी कंट्रोल-आल्ट-एफ2 दाबूनही टर्मिनल मिळतं.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर आधी टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" असलं काहीतरी शोधा. पाय 4 ला 4के 60 हवं असेल तर कॉन्फिगमध्ये एचडीएमआय_इनेबल_4केपी60=1, आणि तेही पोर्ट शून्यावरच. ऑरेंज पायसारख्या दुसऱ्या बोर्डावर आर्मबियन (तसल्या बोर्डांसाठीचं लिनक्स) असेल तर तीच व्हिडिओची ओळ /बूट/आर्मबियनईएनव्ही.टीएक्सटी मध्ये एक्स्ट्राआर्ग्स= च्या पुढे जाते (ईएनव्ही मधला ई कॅपिटल), बाकी तपासायचा क्रम तोच, वीज, केबल, मोड, आणि सगळ्यात शेवटी कार्ड.

त्या रात्री भावाने शेजारच्या दुकानदाराला उठवून केबल आणली, पाऊण तासात स्क्रीन लागली, बारा वाजताच्या पाळीवाल्यांना आपलं नाव दिसलं. आता त्या टीव्हीच्या मागे एक घट्ट झाकणाचा डबा असतो, त्यात जादा केबल, सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि कार्डाची दुसरी कॉपी, आणि दर मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, तो प्लग काढून टॉर्च लावून बघतो आणि मला फोटो पाठवतो.